ग्रामीण वैद्यकीय प्रशिक्षण

वैद्यकाच्या विद्यार्थ्यास पदवीपूर्व काळातच एखाद्या लहान गावी सलग वर्षभर, किंवा त्याच्या जवळपास, ठेवून तेथील डॉक्टर, रुग्णालय व रहिवासी यांच्या साहाय्याने सर्व प्रमुख चिकित्साविषय एकत्र शिकविण्याची पद्धती. नेहमीच्या पद्धतीत विद्यार्थी मोठ्या रुग्णालयात कायचिकित्सा, शस्त्रक्रिया, प्रसूतिविद्या, बालरोगचिकित्सा अशा विभागांतून काही आठवड्यांच्या पाळ्या करीत फिरतो. येथे विद्यार्थी एका ठिकाणी राहतो आणि विषय रोग्यांच्या रूपाने त्याच्याकडे येतात. खेड्यांतील डॉक्टरांच्या टंचाईवरील उपाय म्हणून ही पद्धती निघाली. तिचे शैक्षणिक मोल मात्र मागाहून ध्यानात आले.

एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतील वैद्यकशिक्षण बऱ्याच अंशी अनुभवी डॉक्टरच्या हाताखालील उमेदवारीवर आणि खासगी शाळांतील व्याख्यानांवर चाले. बॉल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स वैद्यकीय विद्यालयात (स्थापना १८९३) विल्यम ऑस्लर (१८४९–१९१९) यांनी विद्यार्थ्यांना रोग्याच्या खाटेपाशी नेऊन शिकविण्याचा पायंडा दृढ केला. अब्राहम फ्लेक्सनर (१८६६–१९५९) यांच्या १९१० च्या अहवालानंतर अनेक निकृष्ट शाळा बंद पडल्या व विद्यापीठाचे मोठे रुग्णालय हेच शिक्षणाचे केंद्र ठरले. यामुळे वैद्यकास शास्त्रीय पाया लाभला, ही गोष्ट निर्विवाद आहे. तथापि त्या रुग्णालयात येणारे रोगी हे समाजातील आजारांचे प्रातिनिधिक चित्र नव्हते. केर व्हाइट व त्यांचे सहकारी यांनी १९६१ मध्ये अमेरिका व ब्रिटन येथील माहितीवरून असा अंदाज मांडला की, १,००० प्रौढ व्यक्तींपैकी एका महिन्यात सु. ७५० जणांना काही ना काही आजार जाणवतो, २५० जण डॉक्टरकडे जातात, ९ जण रुग्णालयात दाखल होतात आणि केवळ एकच जण विद्यापीठाच्या रुग्णालयापर्यंत पोहोचतो. विद्यार्थ्याचे सारे शिक्षण त्या एकावर होत होते. शिवाय पाळी संपली की, त्या रोग्याशी असलेला त्याचा संबंधही संपे. ज्याचे निदान त्याने पाहिले त्याला पुढे गुण आला की नाही, हे त्याला सहसा कळत नसे.

या पद्धतीचा पहिला टिकाऊ प्रयोग अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठाने १९७१ मध्ये सुरू केला. ग्रामीण भागात डॉक्टर मिळत नाहीत, ही राज्याच्या विधिमंडळाची तक्रार त्यामागे होती. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याने सु. नऊ महिने एखाद्या छोट्या गावात राहून तेथील डॉक्टरांबरोबर काम करावयाचे, अशी ही योजना होती. त्या काळी ती कामचलाऊ सोय मानली गेली व तिचे अनुकरणही फारसे झाले नाही.

खरे वळण मिळाले ते ऑस्ट्रेलियात. ॲडिलेड येथील फ्लिंडर्स विद्यापीठाने १९९६ मध्ये पदवीधरांसाठी चार वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम सुरू केला. त्यातील तिसरे वर्ष हे मुख्य चिकित्सावर्ष. १९९७ मध्ये या वर्षातील आठ विद्यार्थ्यांना मरी नदीकाठच्या रिव्हरलँड या प्रदेशात वर्षभरासाठी पाठविण्यात आले. फळबागा व द्राक्षमळे यांच्या या मुलखात रेनमार्क, बेरी, लॉक्सटन, बार्मेरा अशी छोटी गावे असून तेथील डॉक्टर सकाळी दवाखाना चालवीत, गरज पडेल तेव्हा रुग्णालयात बाळंतपण करीत, भूल देत आणि किरकोळ शस्त्रक्रियाही करीत. या उपक्रमाचे प्रमुख प्रवर्तक पॉल वर्ली हे स्वतः खेड्यात व्यवसाय केलेले डॉक्टर होते. २०१७ मध्ये ते ऑस्ट्रेलियाचे पहिले राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य आयुक्त झाले.

रिव्हरलँडमधील कामाची रीत साधी होती. दवाखान्यात विद्यार्थ्यास स्वतंत्र खोली मिळे. रोगी प्रथम त्याच्याकडे जाई. विद्यार्थी विचारपूस व तपासणी करून आपले मत ठरवी. तोवर डॉक्टर शेजारच्या खोलीत आपले रोगी पाहत. मग ते येऊन रोग्यासमोरच विद्यार्थ्याचे म्हणणे ऐकत, चूक असल्यास दुरुस्त करीत व उपचाराचा निर्णय घेत. यामुळे शिकविण्यात डॉक्टरचा फार वेळ मोडत नसे, ही व्यवहाराच्या दृष्टीने महत्त्वाची बाब. कारण खासगी व्यवसायात वेळ हेच उत्पन्न असते. गरोदर स्त्रीस प्रथम तपासणारा विद्यार्थीच तिच्या प्रसूतीस हजर राही आणि पुढे तिच्या मुलास लस टोचतानाही तेथे असे. एकाच घरात त्याला प्रसूतिविद्या, बालरोग व आजोबांचा मधुमेह असे तिन्ही विषय भेटत.

मोठ्या रुग्णालयाला पारखा झालेला विद्यार्थी कच्चा राहील, हा मुख्य आक्षेप होता आणि तो गैरवाजवी म्हणता येणार नाही. सुदैवाने त्याची पडताळणी शक्य होती. रिव्हरलँड, डार्विन व ॲडिलेड या तिन्ही ठिकाणचे विद्यार्थी वर्षाअखेर एकच परीक्षा देत. वर्ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की, आधीच्या वर्षाच्या गुणांशी तुलना करता ॲडिलेडच्या मोठ्या रुग्णालयात राहिलेल्यांपेक्षा बाहेर गेलेल्यांची प्रगती अधिक होती. हे विद्यार्थी स्वेच्छेने गेलेले होते, हे मात्र विसरता कामा नये. पुढे खेड्यात स्थायिक होणाऱ्यांत या विद्यार्थ्यांचे प्रमाण अधिक असते, या निष्कर्षालाही तीच मर्यादा आहे. मुळात ग्रामीण जीवनाची ओढ असलेलाच असे वर्ष निवडतो.

या अनुभवानंतर ऑस्ट्रेलियाच्या केंद्र शासनाने २००० नंतर ग्रामीण चिकित्सा विद्यालयांस अर्थसाहाय्य दिले व देशी विद्यार्थ्यांपैकी २५ टक्क्यांनी निदान एक वर्ष ग्रामीण भागात शिकावे, अशी अट घातली. कॅनडातील नॉर्दर्न ऑन्टॅरिओ वैद्यकीय विद्यालयाने (२००५) तिसऱ्या वर्षाच्या सर्वच विद्यार्थ्यांना सु. आठ महिने लहान गावांत ठेवण्याचे धोरण स्वीकारले. त्यामुळे स्वेच्छेचा प्रश्न तेथे उरला नाही. दक्षिण आफ्रिकेत स्टेलनबॉश विद्यापीठाने २०११ मध्ये वुस्टर येथे अंतिम वर्षासाठी असे केंद्र काढले. अडचणी सर्वत्र सारख्याच आहेत : विद्यार्थ्याचा एकाकीपणा, घरभाडे व प्रवासाचा खर्च, आणि गावातील एकदोन डॉक्टरांवर पडणारा भार. त्यांपैकी एक जरी गाव सोडून गेला, तरी तेथील शिक्षण थांबण्याची पाळी येते.

भारतात या विचाराने वेगळी वाट घेतली. भोर समितीने (१९४६) सामाजिक दृष्टी असलेला डॉक्टर घडविण्यावर भर दिला होता. श्रीवास्तव समितीच्या अहवालानंतर (१९७५) १९७७ मध्ये प्रत्येक वैद्यकीय महाविद्यालयाने तीन विकास गटांची जबाबदारी घ्यावी, अशी योजना आखण्यात आली. परंतु तिने महाविद्यालयांचे वळण बदलले नाही. सुशीला नायर (१९१४–२००१) यांनी १९६९ मध्ये स्थापन केलेल्या सेवाग्राम येथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत प्रत्येक तुकडी एक खेडे दत्तक घेते, आरंभी तेथे शिबिरात राहते व नेमून दिलेल्या कुटुंबांशी पुढे संबंध ठेवते. हे सातत्य मोलाचे आहे. पण ते कुटुंबाच्या आरोग्याचे सातत्य असून चिकित्सेचे शिक्षण महाविद्यालयाच्या रुग्णालयातच होते. रिव्हरलँडच्या प्रयोगास जे गृहीत होते, म्हणजे गावातच चालू शस्त्रक्रियागृह, प्रसूतिकक्ष आणि शिकवू शकणारा बहुकुशल डॉक्टर, ते आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत क्वचितच एकत्र आढळते. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कुटुंब दत्तक कार्यक्रम पदवीपूर्व अभ्यासक्रमात आणला. त्याआधी २०२० मध्ये पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी जिल्हा रुग्णालयातील तीन महिन्यांची सेवा विहित करण्यात आली होती.