तेलाच्या वाटेने

बंगळूरच्या आग्नेयेस एचएसआर लेआउट ही वसाहत आहे. होसूर-सर्जापूर रस्त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला हे नाव मिळाले. अशा वसाहतींची जमीन सपाट होते ती अवजड यंत्रांच्या बळावर. ती यंत्रे घडविणारी भारत अर्थ मूव्हर्स ही सरकारी कंपनी याच शहरात १९६४ साली स्थापन झाली.

अशा यंत्राचे सुकाणू एकाएकी जड झाले, की पुष्कळदा पहिला आळ पंपावर येतो. महागडा पंप बदलूनही दोष तसाच राहिला, तर मालकाचे पैसे वाया जातात आणि चालकाचा जीव टांगणीला लागतो. दोष कोठे शोधावा, हे या विद्येचा इतिहासच सांगतो.

बंदिस्त द्रवावरील दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा पास्कलचा सिद्धान्त त्याच्या निधनानंतर, १६६३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. द्रव सहसा दबत नाही. हवा मात्र दबते. म्हणून प्रथम तेलाची पातळी पाहावी. तेल फेसाळलेले असेल, तर हवा कोठून शिरते ते शोधावे.

जोसेफ ब्रामाने १७९५ साली जलदाबयंत्राचे पेटंट घेतले, पण दट्ट्याभोवतीची गळती त्याला छळत होती. त्याच्या कारखान्यातील हेन्री मॉडस्ले याने दाबानेच अधिक घट्ट बसणारे चामड्याचे कडे योजले, असे मानतात. आजही दुसरी तपासणी गळतीचीच: नळ्या, सांधे आणि सिलिंडरची सीले. मात्र गळती हाताने चाचपू नये. दाबाखालील बारीक धार कातडी भेदून आत शिरते; पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरावा.

अमेरिकेत फ्रान्सिस डेव्हिसने १९२६ साली आपले सुकाणू मोटारीवर चालवून दाखविले. तेल सतत मोकळे वाहू द्यावे आणि चक्र फिरविले म्हणजेच झडपेने त्याला अडवून दाब निर्माण करावा, ही त्याची युक्ती. १९५१ साली क्रायस्लर कंपनीने अशी सोय विक्रीच्या मोटारीत आणली. झडपेत कचरा अडकला, की दाब चढत नाही. म्हणून गाळणी पाहून दाबमापक जोडावा व चक्र क्षणभर टोकाला धरावे. काटा ठरलेल्या अंकावर पोहोचला, तर पंप निर्दोष. दोष पुढे कोठेतरी असण्याची शक्यता अधिक. न पोहोचल्यास आधी दाब मर्यादित करणारी झडप तपासावी, मग पंप.

अनेक अवजड यंत्रांत चक्र आणि चाके यांना जोडणारा लोखंडी दांडा नसतो. दुवा केवळ तेलाचा. तो तुटला, तर चालकाच्या हाती नुसते वर्तुळ उरते. म्हणून दोष सापडेपर्यंत यंत्र हलवू नये, यातच शहाणपण आहे.