मालक, गट आणि इतर

मंडळी, आजची पोस्ट संगणकाच्या इतिहासावर आहे, पण गिरगाव-लालबागच्या चाळीत वाढलेल्या माणसाला ती सगळ्यात लवकर कळेल. एका छपराखाली पन्नास बिऱ्हाडं, गॅलरी एक, नळ एक, आणि तरी प्रत्येकाचं काहीतरी आपलं आपलं. हा हिशोब आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालू आहे. संगणकवाल्यांपुढे तो १९६० नंतर आला.

सुरुवात कुलाब्यातून करू. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आर. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली घडवलेला 'टिफ्रॅक' हा संगणक १९६० साली कामाला लागला. १९६४ मध्ये तिथेच सीडीसी ३६०० हे मोठं यंत्र आलं. देशभरातले संशोधक त्यावर काम करायचे. पद्धत साधी होती. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा द्यायचा, यंत्र एकेक काम उरकणार, आपण छापील कागद घेऊन घरी. माहिती तुमच्या पिशवीत, म्हणजे तिची राखणही तुमच्याकडेच.

तिकडे अमेरिकेत एमआयटीमध्ये १९६१ पासून वेगळाच प्रयोग चालू होता. एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी बसायचं, सगळ्यांच्या फायली कायम त्याच यंत्रात. आता पिशवी गेली आणि सामाईक कपाट आलं. म्हणून पासवर्ड आले. ते किती टिकले? १९६२ मध्ये ॲलन शेर नावाच्या संशोधकाला वाटून दिलेला वेळ पुरेना, तेव्हा त्याने पासवर्डची अख्खी फाइलच छापून घेतली. पुढे त्याच दशकात आणखी गंमत झाली. दोन कर्मचारी एकाच डिरेक्टरीत एकाच वेळी दोन वेगळ्या फायली दुरुस्त करत होते. संपादनाचा प्रोग्राम तात्पुरत्या फाइलला दरवेळी एकच नाव द्यायचा. फायलींची अदलाबदल झाली आणि लॉगिन करणाऱ्या प्रत्येकाला सूचनेच्या जागी सगळ्यांचे पासवर्ड दिसू लागले. चोर कुणीच नव्हता. सामान एका फळीवर ठेवलं होतं, एवढंच.

सत्तरच्या दशकात कुलाब्यात डीईसी-१० आला आणि मुंबईतही एकाच यंत्रावर अनेकांनी एकाच वेळी काम करणं सुरू झालं. या यंत्राची प्रणाली प्रत्येक फाइलला तीन आकडे लावायची. पहिला मालकासाठी, दुसरा त्याच प्रकल्पातल्या सहकाऱ्यांसाठी, तिसरा बाकी सगळ्यांसाठी. ० म्हणजे सगळं मोकळं, ७ म्हणजे दार बंद. तुम्ही काहीच सांगितलं नाही, तर निर्मात्यांनी ठरवलेला नेहमीचा आकडा होता ०५७. मालकाला सगळे हक्क, सहकाऱ्यांना वाचता येईल, परक्याला काही नाही.

त्याच सुमारास बेल लॅब्जमध्ये युनिक्स घडत होतं. तिथेही पुढे हेच तीन वर्ग रूढ झाले: मालक, गट, इतर. आकडे मात्र उलटे. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १, बेरीज ७ म्हणजे सगळं मोकळं. आज तुमच्या ॲंड्रॉइड फोनच्या पोटातही हीच वहिवाट आहे.

युनिक्समधली दोन कलमं चाळीच्या नियमांसारखी आहेत, ती लक्षात ठेवा.

पहिलं: डिरेक्टरीत शिरण्याचा हक्क वेगळा आणि आत काय काय आहे त्याची यादी वाचण्याचा हक्क वेगळा. गॅलरीतून शेवटच्या खोलीपर्यंत जायचा हक्क सगळ्यांना आहे. म्हणून वाटेतल्या प्रत्येक खोलीत डोकवायचा हक्क मिळत नाही.

दुसरं जास्त महत्त्वाचं: फाइल पुसायला त्या फाइलवर लिहिण्याचा हक्क लागत नाही, ती ज्या डिरेक्टरीत आहे तिच्यावर लिहिण्याचा हक्क लागतो. का? कारण डिरेक्टरी म्हणजे जिन्याखालचा नावांचा तक्ता. खोलीची किल्ली तुमच्याकडे असेल, पण तक्ता ज्याच्या हातात, तो तुमचं नाव खोडू शकतो. पुनर्विकासात पात्र-अपात्रच्या यादीशी झगडलेल्या माणसाला हे वेगळं समजवायला नको.

मग १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने सर्वसामान्य ग्राहकांसाठी इंटरनेट सुरू केलं. कंपनीचं मुख्यालय फोर्टमधलं विदेश संचार भवन. कमी पैशांत मिळायचं ते 'शेल अकाउंट': चित्रं नाहीत, नुसती अक्षरं. मोडेमची किरकिर संपली की तुम्ही थेट व्हीएसएनएलच्या युनिक्स यंत्रावर. मुंबईकरांच्या ईमेल पत्त्यात 'जीआयएएसबीएम' ही अक्षरं असायची. त्यातलं बीएम बॉम्बेचं, शहराचं नाव मुंबई झालं तरी पत्त्यात ते राहिलं. म्हणजे दादरचा विद्यार्थी आणि फोर्टचा पत्रकार एका यंत्रावरचे शेजारी झाले. प्रत्येकाची डिरेक्टरी वेगळी, टपाल वेगळं, मध्ये पार्टिशन त्या तीन आकड्यांचं. गॅलरी मात्र सामाईक.

पार्टिशन शेजाऱ्यापासून वाचवतं. चाळमालकापासून नाही. युनिक्समध्ये 'रूट' नावाचा एक वापरकर्ता असतो, म्हणजे व्यवस्थापक. त्याला हे तीन आकडे लागूच होत नाहीत. तुम्ही फाइलवर कितीही कुलपं लावा, रूट ती वाचू शकतो. बिघाड दुरुस्त करायला, बॅकअप घ्यायला असं कुणीतरी लागतं, त्यामुळे यात कट-कारस्थान काही नाही. पण रूटला कुणी विचारायचं, याचं उत्तर यंत्रात नाही. ते कायद्यातच शोधावं लागतं.

आणि कायद्यात काय होतं? १८८५ चा टेलिग्राफ कायदा. कलम ५(२) ने सरकारला सार्वजनिक आणीबाणीत किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी संदेश अडवून वाचायची मुभा दिली होती. या मुभेला पहिला मोठा लगाम बसला तो डिसेंबर १९९६ मध्ये, पीयूसीएल खटल्यात. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फोन चोरून ऐकणं हा खासगीपणावर घाला आहे. त्यासाठी गृहसचिवांच्या पातळीवरचा आदेश हवा, त्याला मुदत हवी आणि वर फेरतपासणी समिती हवी. संगणकाच्या भाषेत बोलायचं तर रूटने काय उघडलं याची नोंद ठेवा, असं पहिल्यांदा सांगितलं गेलं. २४ ऑगस्ट २०१७ ला नऊ न्यायाधीशांच्या पीठाने पुट्टस्वामी प्रकरणात एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आधार प्राधिकरणाने माहिती अधिकाराखालच्या एका अर्जाला उत्तर दिलं: केंद्र आणि राज्य सरकारांच्या सुमारे २१० वेबसाइटवर लाभार्थ्यांची नावं, पत्ते आणि आधार क्रमांक उघड्यावर होते. इथेही कुणी कुलूप तोडलं नव्हतं. यादी चढवताना 'इतर' या रकान्यात काय ठेवायचं, हे कुणी विचारलंच नाही. एमआयटीतली फळी पुन्हा तीच, फक्त या वेळी तिच्यावर पेन्शनर, शिष्यवृत्तीची मुलं आणि मजूर होते. ज्यांना असा रकाना असतो हेच माहीत नाही, त्यांच्या नावावर तो भरला जातो, आणि किंमतही त्यांनीच मोजायची.

२०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला. त्यात चांगलं आहे: संमती, दुरुस्तीचा हक्क, दंड. पण कलम १७(२) वाचा. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशा कारणांसाठी केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्याच यंत्रणांना या कायद्यातून वगळू शकतं. कलम ४४(३) ने माहिती अधिकार कायद्यातली वैयक्तिक माहितीची सूटही रुंद केली. पूर्वी त्या सूटीतच जनहिताची अट होती, ती तिथून गेली; जनहिताचं वेगळं कलम ८(२) तेवढं उरलं. बेरीज केली तर चित्र असं दिसतं: रूटला आपली फाइल वाचता येते, आपल्याला रूटची वाचताना अडचण.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. खासगीपणाचा झगडा बहुतेक वेळा हॅकरशी नसतो. आपण गप्प बसलो तर जो आकडा आपोआप लागतो, त्याच्याशी असतो. ०५७ लिहिणाऱ्या इंजिनिअरने निदान परक्याचं दार बंद करून ठेवलं होतं. आपल्या सोसायटीने कागदपत्रांचा फोल्डर 'लिंक असलेल्या कुणालाही' खुला ठेवलाय का, ते आज रात्री बघा. तो बंद करून घ्यायला सेक्रेटरीला एक मेसेज पुरतो. आणि पुढच्या वेळी कुठल्याही ऑफिसात आधारची झेरॉक्स मागतील, तेव्हा तीन प्रश्न विचारा: ही कोण ठेवणार, गटात कोण कोण, आणि तक्ता कुणाच्या हातात?

उत्तर काय मिळतं ते कमेंटमध्ये लिहा. नावं आणि नंबर सोडून.