सवाई गंधर्व : एका बिरुदाची जपणूक

जुनीं दप्तरें चाळणारास वतनाची सनद हटकून सांपडते. विद्येच्या ऋणाचा कागद क्वचितच हातीं लागतो. तें ऋण आचारांतूनच ओळखावें लागतें. याचें एक उदाहरण वऱ्हाडाशीं निगडित आहे.

कुंदगोळचे रामभाऊ (१८८६–१९५२) हे अब्दुल करीमखांचे शिष्य. रंगभूमीवरील त्यांचें गाणें ऐकून अमरावतीचे दादासाहेब खापर्डे यांनीं त्यांस ‘सवाई गंधर्व’ म्हटलें. या बिरुदास ना शिक्का, ना उत्पन्न. नटाचें बिरुद बहुधा त्याच्या प्रेक्षकांबरोबरच लोपतें. हें मात्र टिकलें तें शिष्यामुळें.

भीमसेन जोशी यांनीं पोरवयांत गुरूच्या शोधार्थ घर सोडलें होतें. विद्या लाभली ती अखेर कुंदगोळास. ता. १२ सप्टेंबर १९५२ रोजीं गुरु निवर्तले. पुढील वर्षीं शिष्यानें पुण्यास त्यांच्या पुण्यतिथीचा संगीतोत्सव आरंभिला आणि स्वतःची कीर्ति देशभर पसरल्यावरही त्याचा भार अनेक दशकें वाहिला.

२०११ सालीं भीमसेन निवर्तले. पुढें उत्सवाच्या नांवांत त्यांचेंही नांव आलें, पण तें ‘सवाई गंधर्व’ या शब्दांच्या मागून. ऋणाचा अस्सल दाखला पाहावयाचा तर या नामक्रमांतच पाहावा.