मँगनीज, महायुद्ध आणि गोंदिया जंक्शन

पहिल्या महायुद्धाची कारणे विचारली की विद्यार्थी भराभर सांगतात : साम्राज्यवाद, गुप्त करार, शस्त्रस्पर्धा, साराजेव्होचा खून. उत्तर बरोबरच आहे. पण शस्त्रस्पर्धा म्हणजे शेवटी पोलादाची स्पर्धा, आणि चांगले पोलाद नुसत्या लोखंडाचे होत नाही. हा धागा धरला, तर युरोपचे राजकारण थेट गोंदियाच्या रेल्वेस्थानकापर्यंत येऊन पोचते.

लोहखनिज व कोळसा यांतील थोडे गंधक पोलादात उतरते आणि त्याचे आयर्न सल्फाइड बनते. लोखंडाबरोबरचे त्याचे मिश्रण सुमारे ९८८ अंश सेल्सिअसला वितळते. पोलाद लाटताना तापमान याहून जास्त असते. त्यामुळे स्फटिककणांच्या मधल्या सीमांवर द्रव पसरतो आणि तापलेले पोलाद तडकते. मँगनीज मिसळले, की गंधक लोखंडाला सोडून मँगनीजशी संयोग पावते. हे मँगनीज सल्फाइड १६०० अंशांच्या आसपास वितळते, म्हणून लाटताना ते घनच राहते. टनामागे मँगनीज लागते जेमतेम सहा-सात किलो. पण भाजीतल्या मिठासारखे, ते नसले की सगळेच बिघडते. १८८२ मध्ये रॉबर्ट हॅडफील्ड यांनी १२-१३ टक्के मँगनीजचे अतिशय चिवट पोलाद तयार केले. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश सैनिकांची शिरस्त्राणे याच पोलादाची होती.

हे खनिज मोठ्या प्रमाणावर मिळे ते मोजक्याच ठिकाणी : रशियन साम्राज्यातील जॉर्जियात चियातुरा येथे, ब्राझीलमध्ये आणि भारतात. रशिया-जपान युद्ध (१९०४-०५) आणि १९०५ ची रशियन क्रांती यांमुळे चियातुराचा पुरवठा विस्कळीत झाला. भाव चढले आणि नागपूर, भंडारा, बालाघाट भागातील खाणी गजबजल्या. १९०७ मध्ये भारताचे उत्पादन नऊ लाख टनांच्या घरात गेले. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा झाला तो १९९९ मध्ये. १९०३ मध्ये गोंदियाहून बालाघाटमार्गे नैनपूरपर्यंत अडीच फुटी रूळ पडले होते. तिकडून आलेला माल गोंदियाला उतरवून बंगाल-नागपूर रेल्वेच्या मोठ्या गाडीत भरावा लागे.

१९१४ च्या अखेरीस तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात उतरले आणि काळ्या समुद्राची वाट बंद झाली. चियातुराचे खनिज ब्रिटन-फ्रान्सकडे येईना. जर्मनीची अडचण दुहेरी होती : रशिया शत्रू, आणि भारताकडील समुद्रमार्ग ब्रिटिश आरमाराच्या ताब्यात. म्हणजे मित्र कोण आणि शत्रू कोण हे ठरले, की कोणाच्या भट्टीत कोणती माती जाणार हेही ठरत होते.

दुसऱ्या महायुद्धात हेच पुन्हा घडले. युक्रेनमधील निकोपोलच्या मँगनीजसाठी हिटलरने तो भाग सोडू नये असा हट्ट धरला. फेब्रुवारी १९४४ मध्ये सोव्हिएत सैन्याने तो परत घेतला. इकडे गोंदियाजवळ बिरसी येथे ब्रिटिशांनी १९४० मध्ये धावपट्टी बांधली. आजचा गोंदिया विमानतळ तोच.

या व्यवहारात आपल्या वाट्याला काय आले? खनिज इथल्या मजुरांनी खोदले, पण बहुतांश कच्चेच परदेशी गेले. त्यापासून पोलाद करण्याचा नफा तिकडेच राहिला. भूवैज्ञानिक फर्मर यांनी इथल्या मँगनीजयुक्त खडकाला गोंड लोकांवरून 'गोंडाइट' हे नाव दिले. ते जगभरच्या भूविज्ञानात रूढ झाले. खाणीत राबणाऱ्यांची नावे मात्र इतिहासाच्या पुस्तकात आली नाहीत.

वर्गात एक प्रयोग करून पाहावा. जगाच्या नकाशावर चियातुरा, निकोपोल, दार्दानेल्सची सामुद्रधुनी, बालाघाट व गोंदिया या जागा दाखवाव्यात. १९१४ मधील दोन्ही गट वेगवेगळ्या रंगांनी रंगवावेत. मग विचारावे : सामुद्रधुनी बंद झाली, तर कोणाच्या भट्ट्या अडतील? हे उत्तर मुलांना पाठ करावे लागणार नाही.