संगणकातील चित्रगुप्त

माणसाच्या प्रत्येक कृत्याची नोंद चित्रगुप्त ठेवतो, अशी आपल्याकडे जुनी श्रद्धा आहे. १९९५ साली मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर आला आणि त्याच्या पुढील आवृत्त्यांबरोबर घरोघरच्या संगणकांत असाच एक अबोल कारकून येऊन बसला. 'इंडेक्स डॉट डॅट' हे त्या फाइलचे नाव. पाहिलेल्या संकेतस्थळांचे पत्ते व वेळा ती टिपून ठेवी. हेतू एवढाच की, तेच पान पुन्हा मागितले असता त्वरेने सापडावे. परंतु ती दृष्टीआड ठेवलेली असे. वापरणारा इतिहास पुसून निश्चिंत होई. प्रत्यक्षात पुष्कळदा वरची यादी तेवढी जाई आणि आतील नोंदींचे अवशेष मागे राहत. विंडोज चालू असताना ती फाइल सहजासहजी काढताही येत नसे.

२०१२ साली तिची जागा दुसऱ्या कोठाराने घेतली. २०२२ साली खुद्द एक्सप्लोररही निवृत्त झाला. दरम्यान, २०१७ साली भारताच्या सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. चित्रगुप्ताची वही यमाच्या दरबारातच उघडते. ही वही मात्र कोणीही जाणता माणूस उघडू शके. म्हणूनच, नोंद कोठे आहे हे सांगणे आणि पुसा म्हटल्यावर खरोखर पुसणे, हा नोंद ठेवणाऱ्याचा पहिला धर्म होय.