पंखाच्या उचलीचा हिशेब

विमानाच्या पंखामागे हवेचे भोवरे सुटतात आणि त्यांच्यामुळे खुद्द पंखापाशीच हवा खाली ढकलली जाते. ती किती ढकलली जाईल हे पंखभर उचल कशी वाटली गेली आहे यावर ठरते. पण उचल किती मिळेल हे या खालच्या ओढीवरच ठरते. लुडविग प्रांटल यांनी हे परस्परावलंबन 1918-19 च्या सुमारास ग्योटिंगेन येथे एका समीकरणात बांधले. उचलीची वाटणी लंबवर्तुळाकार धरली तर उत्तर सरळ मिळते. इतर पंखांसाठी एक मार्ग म्हणजे अंदाजाने सुरुवात करून तो पुनःपुन्हा सुधारणे.

कोल्हापूरकडील हसूरचंपूचे विष्णू माधव घाटगे (जन्म 1908) याच प्रांटल यांच्या हाताखाली डॉक्टरेट झाले. त्यांच्या नेतृत्वाखाली बंगळूरला घडलेले एचटी-2 हे प्रशिक्षण विमान ऑगस्ट 1951 मध्ये उडाले. तेव्हा देशात एकही अंकीय संगणक नव्हता. आकडेमोड माणसेच करत. अशा काळात चार फेऱ्यांत उत्तर देणारी रीत आणि चाळीस फेऱ्या घेणारी रीत यांत फार अंतर असे. हान्स मुल्टहॉप यांनी 1938 मध्ये पंखावरील बिंदू अशा खुबीने निवडले की सम क्रमांकाच्या बिंदूंवरची उचल विषम बिंदूंवरून काढावी, मग उलट; आकडे लवकर स्थिरावत.

साधी रीत मात्र सहज बिघडते. एखाद्या बिंदूवर उचल जास्त धरली गेली, की तिथली खालची ओढ अवाजवी येते आणि पुढच्या फेरीत उचल गरजेपेक्षा कमी निघते. हेलकावे वाढत जातात. बिंदू दाट केले तर हे आणखी लवकर होते, म्हणजे अचूकतेसाठी केलेला उपायच अंगाशी येतो. त्यावरचा तोडगा म्हणजे नवा आकडा पूर्ण न स्वीकारणे: नव्या-जुन्यातील फरकाचा लहानसा भाग, कधी 0.05 इतकाच, जुन्यात मिळवायचा. फेऱ्या मग शंभरावर जातात. हाताने हे करणे म्हणजे शिक्षाच. मुंबईत 1960 मध्ये सुरू झालेल्या टिफरॅकपासून पुण्यातील 1991 च्या परम 8000 पर्यंत संगणक वेगवान होत गेले, तशी फेऱ्यांची धास्ती सरली.

एक अडचण वेगाने सुटत नाही. पंखाचा कोन फार वाढला की हवा पृष्ठभाग सोडते आणि कोनाबरोबर उचल वाढण्याऐवजी घटू लागते. तिथे एकाच समीकरणाची एकाहून अधिक उत्तरे असू शकतात. आकडे कोणत्या उत्तरावर थांबतील हे सुरुवातीच्या अंदाजावरही अवलंबून राहते. म्हणून या कोनांवरचे निष्कर्ष वातबोगद्यातील मोजमापांशी ताडून पाहिले जातात.