बर्फातून काढलेली वाट

कॅनडातील क्वेबेक प्रांतात वालकूर नावाचे एक खेडे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी हिवाळा आला की तेथील रस्ते बर्फाखाली नाहीसे होत, मोटारी बंद पडत आणि सारा प्रवास घोड्यांच्या घसरगाड्यांवर येई. १९२२ साली वयाच्या पंधराव्या वर्षी जोझेफ-आर्मां बोंबार्दिए यांनी अशाच घसरगाडीवर जुने फोर्ड इंजिन चढवून मागे लाकडी पंखा बसविला. गाडी धावली, परंतु उघड्या पंख्याचा धोका ओळखून वडिलांनी ती मोडावयास लावली.

पुढे स्वतःच्या गॅरेजमध्ये त्यांचे प्रयोग चालूच राहिले. १९३४ च्या हिवाळ्यात त्यांच्या दोन वर्षांच्या मुलास आंत्रपुच्छदाह झाला. इस्पितळ सुमारे ५० किलोमीटरवर, शेरब्रुक येथे. रस्ता बंद होता आणि प्रयोगातील गाडी चालण्याजोगी नव्हती. मूल दगावले.

१९३५ साली उत्तर सापडले: रबराने मढविलेले दातेरी चाक आणि त्याने फिरणारा रबरी पट्टा. भार पट्ट्याच्या लांबीवर विभागला गेल्याने गाडी भुसभुशीत बर्फातही रुतेना. १९३७ साली पेटंट मिळाले. ही सात आसनांची गाडी डॉक्टरांना व टपालवाल्यांना उपयोगी पडू लागली.

१९४८ साली क्वेबेकच्या कायद्याने ग्रामीण रस्त्यांवरील बर्फ काढणे बंधनकारक केले आणि गाड्यांचा खप घटला. कारखानदार बोंबार्दिए यांचा त्यात तोटा झाला खरा. परंतु इस्पितळाची जी वाट त्यांच्या मुलास मिळाली नाही, ती आता गाडी नसलेल्यांच्या मुलांनाही खुली झाली.